एनर्जीप्लस: मॉडेलमध्ये गाडीची बॅटरी टाकली की वीजबिल कमी का होतं?

कोथरूडच्या एका बंगल्याचं काम होतं. गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर, पोर्चमध्ये नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी, आणि मालकांचा एकच प्रश्न: गाडीमुळे सोलर वाढवावं लागेल का? घराचं मॉडेल माझ्याकडे एनर्जीप्लसमध्ये (इमारतीला वर्षभरात किती ऊर्जा लागेल ते तासागणिक काढणारा प्रोग्रॅम) तयारच होतं. त्यात गाडीची ३० युनिटची बॅटरी टाकली, वर्षाचा रन मारला, आकडे पाठवून दिले. संध्याकाळी मालकांचा, म्हणजे काकांचा, फोन आला. "अहो, तुमच्या कागदाप्रमाणे गाडी आल्यावर महावितरणकडून वीज कमी घ्यावी लागतेय. असं असेल तर दुसरी पण बुक करून टाकतो."

काका चेष्टा करत होते, पण बरोबर करत होते. गाडी रोज ४० किलोमीटर पळणार, ती काय हवेवर? मी आकडे पाठवण्याआधी हा एवढा साधा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता.

तेव्हापासून हीच चूक वेगवेगळ्या चेहऱ्यांनी माझ्या टेबलावर येत राहिली आहे. कधी माझ्याच जुन्या फाइलमध्ये सापडते, कधी हाताखालची मुलं घेऊन येतात, कधी एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसातून फाइल येते. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. ऑब्जेक्ट (मॉडेलमधली एकेक वस्तू) आणि फील्ड (तिची माहिती भरायची जागा) यांची नावं वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजीत टाकायची.

दुखणं कसं ओळखायचं

पहिला चेहरा वर सांगितलाच: गाडी आल्यावर खरेदीचे युनिट घटतात. दुसरा चेहरा जास्त फसवा आहे. गाडी सुरुवातीला जेमतेम ३४ युनिट खाते आणि मग उरलेलं वर्ष काहीच खात नाही. मासिक तक्ता पाहिला तर जानेवारीत थोडी वाढ दिसते, फेब्रुवारीपासून गाडी नसल्यासारखं बिल. तिसरा: सगळं करूनसुद्धा गाडी असलेल्या आणि नसलेल्या रनमध्ये एका युनिटचाही फरक नाही. तिन्ही वेळा एरर फाइल स्वच्छ. प्रोग्रॅमला काही चुकलंय असं वाटतच नाही, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर खरंच काही चुकलेलं नसतं.

त्या ३४ चा हिशोब करून पाहा म्हणजे रोग लगेच कळेल. बॅटरी ३० युनिटची, चार्जिंगची कार्यक्षमता मी ०.८८ धरली होती. ३० भागिले ०.८८ म्हणजे ३४.१. सुरुवातीचा चार्ज शून्य होता, कारण ते फील्ड मी रिकामं सोडलं आणि त्याची डीफॉल्ट किंमत शून्य आहे. रात्री सहा तास ३.३ किलोवॅटने चार्जिंग ठेवलं होतं. पहिल्या रात्री साडेसतरा युनिटच्या आसपास भरले, दुसऱ्या रात्री उरलेले. बॅटरी काठोकाठ भरली आणि पुढे वर्षभर तशीच भरलेली राहिली. मी मोठ्या अभिमानाने "सकाळी ८ ते संध्याकाळी ७:३० गाडी घरी नाही" असं उपलब्धतेचं शेड्यूल लावलं होतं. प्रोग्रॅमने ते तंतोतंत पाळलं. त्या वेळात बॅटरीला हात लावला नाही, चार्ज जिथे होता तिथे गोठवून ठेवला. म्हणजे गाडी हिंजवडीला गेली आणि जशी गेली तशीच परत आली.

मूळ दुखणं हे आहे. एनर्जीप्लसमधलं स्टोरेज ऑब्जेक्ट म्हणजे भिंतीला ठोकलेली बॅटरी. घराच्या बसबारमधून (वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीतून) आत जाणारी वीज आणि घराच्या बसबारमध्ये परत येणारी वीज, याच्यापलीकडे त्याला जग नाही. गाडीची बॅटरी भरते घरी आणि रिकामी होते रस्त्यावर. रस्ता नावाची गोष्ट मॉडेलमध्ये कुठेच नाही. तो तुम्ही स्वतः घालायचा असतो.

मग पहिल्या चेहऱ्यात बिल कमी कसं झालं? काकांच्या त्या फाइलमध्ये इलेक्ट्रिकलोडसेंटर:डिस्ट्रिब्युशनची (सोलर, बॅटरी आणि घर जोडणारं ऑब्जेक्ट) स्टोरेज स्कीम, म्हणजे बॅटरी कधी भरायची आणि कधी वापरायची याचा नियम, मी बदललाच नव्हता. डीफॉल्ट स्कीमचं काम असं: घराची मागणी भागून सोलरचं जे उरेल ते बॅटरीत घाल, आणि घराला लागेल तेव्हा बॅटरीतून काढ. शनिवार-रविवार गाडी घरी, सोलरची जास्तीची वीज गाडीत. संध्याकाळी पंखे, फ्रीज, टीव्ही सगळं गाडीवर. आठवडाभर संध्याकाळी गाडी घराला पोसते आहे आणि स्वतः मात्र उपाशी चाळीस किलोमीटर पळते आहे. शिवाय मी फक्त ग्रिडकडून घेतलेले युनिट पाहिले, ग्रिडला दिलेले पाहिलेच नाहीत. तेही घटले होते.

या स्कीमचा आणखी एक परिणाम बऱ्याच जणांना कोड्यात टाकतो. सोलर नसलेल्या घरात याच स्कीमवर बॅटरी टाकली तर ती वर्षभर भरतच नाही. "ग्रिडमधून चार्ज होत नाही, काय बिघडलंय?" बिघडलेलं काही नाही. जागेवर जास्तीची वीज तयारच होत नाही, तर साठवणार काय? ग्रिडमधून भरायची असेल तर स्कीम बदलून चार्ज-डिस्चार्ज शेड्यूलची घ्यावी लागते.

आधी एकच प्रश्न: गाडी घराला वीज परत देते का?

पुढचं सगळं याच्या उत्तरावर ठरतं. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या घरांसाठी उत्तर "नाही" असंच आहे. काही गाड्यांत व्हीटूएल (व्हेइकल-टू-लोड) असतं, म्हणजे गाडीतून वायर काढून मिक्सर, लॅपटॉप किंवा सहलीत इंडक्शन चालवता येतं. पण ते म्हणजे घराच्या डीबीला (डिस्ट्रिब्युशन बोर्डला) वीज देणं नव्हे. त्याला व्हीटूएच (व्हेइकल-टू-होम) लागतं, आणि त्यासाठी वेगळा, दोन्ही दिशांनी चालणारा चार्जर लागतो.

उत्तर "नाही" असेल तर माझं स्पष्ट मत: स्टोरेज ऑब्जेक्ट वापरूच नका. गाडीत बॅटरी आहे म्हणून मॉडेलमध्येही बॅटरी हवी, हा मोह आवरा. घराच्या दृष्टीने ती गाडी म्हणजे गिझरसारखा एक लोड आहे. ठराविक वेळी चालू होतो, ठराविक युनिट खातो, बंद होतो. आत लिथियम आहे की गरम पाणी, याच्याशी मीटरला देणंघेणं नाही. मी काकांच्या कामात शेवटी हेच केलं आणि पाऊण तासात विषय संपला.

एकतर्फी चार्जिंग: लोड म्हणून मांडणी

आधी रोजचे युनिट काढा. इथे बहुतेक लोक ब्रोशरवर भिस्त ठेवून फसतात. ब्रोशरवरची रेंज एआरएआयच्या (वाहनांची चाचणी घेणाऱ्या पुण्याच्या संस्थेच्या) प्रमाणपत्राची असते. ती चाचणी मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकलवर होते (संक्षेप एमआयडीसी, भोसरीची ती नव्हे). २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीचं उदाहरण घ्या: बॅटरी ३०.२ युनिट, प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर. भागाकार केला तर किलोमीटरला ०.०९७ युनिट येतात. एसी लावून, चांदणी चौकाचा चढ चढून, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रांगत गेल्यावर हा आकडा कुणालाच मिळत नाही. मी शहरातल्या मध्यम गाडीला ०.१५ धरतो. ४० किलोमीटरला ब्रोशरच्या हिशोबाने ३.९ युनिट, माझ्या हिशोबाने ६. फरक दीडपटीचा आहे, आणि एवढ्यावर सोलरची एक-दोन पॅनेलं इकडची तिकडे होतात. गाडीवाल्याकडे महिनाभराच्या चार्जिंगची नोंद असेल तर ती मागा आणि माझं ०.१५ खुशाल फेकून द्या.

हे ६ युनिट बॅटरीतले. सॉकेटपाशी ६ भागिले ०.८८, म्हणजे ६.८२ लागतात. मधले पाऊण-एक युनिट चार्जरच्या आणि बॅटरीच्या उष्णतेत जातात. मीटर मात्र ६.८२ च मोजतो.

आता एक्स्टिरियर:फ्युएलइक्विपमेंट हे ऑब्जेक्ट घ्या. इंधन वीज, डिझाइन लेव्हल ३३०० वॉट, एंड-यूज सबकॅटेगरीत "गाडी" असं काहीतरी इंग्रजीत नाव द्या म्हणजे अहवालात वेगळी ओळ मिळते. घरातलं साधं इलेक्ट्रिक इक्विपमेंट घेऊ नका. त्याची उष्णता खोलीत जाते आणि उगाच एसीचा लोड वाढतो. एक्स्टिरियर उपकरणाचा खोलीशी संबंध नसतो, वीज मात्र मीटरवर येते.

शेड्यूल: ३.३ किलोवॅटने दोन तास म्हणजे ६.६ युनिट. उरले ०.२२. टाइमस्टेप तासाला ६ ठेवले असतील तर एक टाइमस्टेप दहा मिनिटांचा. त्यात ०.४ लावा: ३.३ गुणिले एक षष्ठांश तास गुणिले ०.४ म्हणजे बरोबर ०.२२. तर १:०० ते ३:०० किंमत १, ३:०० ते ३:१० किंमत ०.४, बाकी शून्य.

चार्जिंग मध्यरात्रीनंतर ठेवण्यामागे माझा आळस आहे. रात्री ११ ला सुरू केलं तर दिवसाचं शेड्यूल २४:०० ला संपतं आणि अर्धं चार्जिंग दुसऱ्या दिवसाच्या शेड्यूलमध्ये लिहावं लागतं. तिथे हमखास गोंधळ होतो. मध्यरात्रीनंतर ठेवलं तरी एक गोष्ट पाहायची: सोमवारी गाडी पळाली की तिचं चार्जिंग मंगळवारी पहाटे. म्हणजे सोमवार ते शुक्रवार ऑफिस असेल तर चार्जिंगचे दिवस मंगळवार ते शनिवार. सरळ "वीकडेज" लिहून मोकळे झालात तर रविवारभर उभी असलेली गाडी सोमवारी पहाटे चार्ज होते आणि शुक्रवारची दमलेली गाडी शनिवारी तशीच उभी. वर्षाचे युनिट जुळतात म्हणून ही चूक सापडत नाही. दुपारच्या सोलरवर चार्जिंग हलवून पाहायला लागलात की मग शनिवारचा आकडा विचित्र दिसायला लागतो. आणि शेवटी "ऑलअदरडेज" घालायला विसरू नका, नाहीतर प्रोग्रॅम राहिलेल्या दिवसांवरून भांडतो.

काकांच्या घरी महिन्याचे २२ दिवस गुणिले ६.८२, म्हणजे १५० युनिट. पुण्यात किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट हा सोलरवाल्यांचा ठोकताळा धरला तर महिन्याला १२०. म्हणजे गाडीसाठी सव्वा किलोवॅट जास्तीचं सोलर. मूळ प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. ते पाकिटाच्या मागे पेनानेसुद्धा निघालं असतं. मॉडेलचा खरा उपयोग पुढे आहे: कुठल्या तासाला चार्ज करायचं. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या वेळेनुसार दर आणले. त्यात सौर तासांचा दर साध्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे. त्यामुळे "रात्री स्वस्त" हे जुनं गणित उलटतं, आणि गाडी नेमकी त्याच वेळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये असते. हा तिढा तासागणिक रनशिवाय सुटत नाही.

दुतर्फी: गाडी घराला वीज देणार असेल तर

परदेशातल्या घराचं काम असेल किंवा अभ्यास म्हणून व्हीटूएच करायचं असेल तर स्टोरेज लागतंच. इथे रस्ता मॉडेलमध्ये घुसवायची युक्ती सांगतो.

गाडी पळते तेव्हा बॅटरीला डिस्चार्ज करायला लावा. पण डिस्चार्ज झालेली वीज घराच्या बसबारवर येते, ती घर खाऊन टाकेल. म्हणून नेमक्या त्याच वेळी, तेवढ्याच वॉटचा एक खोटा लोड एक्स्टिरियर:फ्युएलइक्विपमेंट म्हणून लावा. बॅटरी देते, खोटा लोड खातो, घराला आणि ग्रिडला पत्ताही लागत नाही. चार्ज मात्र खाली उतरतो. हा खोटा लोड म्हणजेच गाडीची मोटर. युक्ती जुगाडू वाटेल, पण ऊर्जेचा हिशोब पूर्ण खरा राहतो.

त्यासाठी स्कीम ट्रॅकचार्जडिस्चार्जशेड्यूल्स घ्या. डिस्चार्जचं शेड्यूल सकाळी ८ ते ९ आणि संध्याकाळी ६:३० ते ७:३०, प्रत्येक फेरीत बॅटरीतून ३ युनिट. इथे थांबून नीट पाहा. स्टोरेज:सिंपलमध्ये (बॅटरीचं साधं ऑब्जेक्ट) डिस्चार्जची कार्यक्षमता समजा ०.९३ दिली आहे. प्रोग्रॅमला तुम्ही सांगता ती पॉवर बसबारवरची असते. बॅटरीतून तो ती भागिले ०.९३ एवढी काढतो. म्हणून ३००० वॉट लिहिलंत तर बॅटरीतून ३.२३ युनिट जातात. किलोमीटरला ०.१५ मध्ये मोटर-कंट्रोलरचा तोटा आधीच आलेला आहे, तो दुसऱ्यांदा मोजला जातो. २६० दिवस, दोन फेऱ्या: वर्षाला ११७ युनिटची चूक. २७९० वॉट लिहा, खोट्या लोडलाही २७९०. ३ युनिटच्या ०.९३ पट.

आणि उपलब्धतेचं शेड्यूल काढून टाका. ऐकायला उलटं वाटतं, पण गाडी रस्त्यावर असताना मॉडेलमधली बॅटरी "उपलब्ध"च असायला हवी, नाहीतर डिस्चार्ज होणार कशी? गाडी ऑफिसात उभी असताना चार्ज आणि डिस्चार्ज दोन्ही शेड्यूल शून्य आहेत, तेवढं पुरे.

एक पूर्ण दिवस हाताने चालवून दाखवतो, तुमच्या आलेखाशी ताडून पाहा. बॅटरी ३० युनिट, कमाल चार्जची मर्यादा ०.८, म्हणजे पहाटे २४ युनिट. ९ वाजता २१. साडेसहापर्यंत २१ वर सपाट रेषा. साडेसातला १८. मग १ किलोवॅटने तीन तास घराला वीज: बसबारवर ३ युनिट, बॅटरीतून ३.२३, उरले १४.७७. पहाटे १ ला चार्जिंग सुरू. २४ पर्यंत जायला ९.२३ युनिट आत हवेत, म्हणजे सॉकेटपाशी साडेदहाच्या आसपास, ३.३ किलोवॅटने तीन तास अकरा मिनिटं. चार्जचं शेड्यूल १ ते ५ खुलं ठेवा, कमाल मर्यादा आली की प्रोग्रॅम स्वतःच थांबतो. आठवड्याचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसला पाहिजे. सपाट रेषा दिसली किंवा जिना दिवसेंदिवस खाली खाली उतरत गेला तर काहीतरी राहिलं आहे.

किमान चार्जची मर्यादा हा यातला सगळ्यात गमतीदार खड्डा आहे. घराने गाडी पार निपटून टाकू नये म्हणून आपण किमान ०.२ लावतो. चांगलं आहे. पण प्रोग्रॅमसाठी घराला देणं आणि मोटरला देणं एकच आहे. चार्ज २० टक्क्यांवर आला की डिस्चार्ज थांबतो, खोटा लोड मात्र चालूच राहतो. मग तो २७९० वॉट ग्रिडमधून ओढतो. म्हणजे चांदणी चौकात असलेल्या गाडीला कोथरूडच्या मीटरमधून वीज! हे पकडायला सोपं आहे: ८ ते ९ या तासात ग्रिडमधून घेतलेली वीज गाडी नसलेल्या रनएवढीच आली पाहिजे. जास्त आली तर गाडी रस्त्यात बंद पडली आहे असं समजा आणि संध्याकाळी घराला देणं कमी करा.

घराला देणारा तो १ किलोवॅट ठराविक आहे, घराची खरी मागणी कमी-जास्त झाली तरी तो बदलत नाही. मागणीप्रमाणे द्यायचं असेल तर ईएमएसमध्ये (एनर्जीप्लसमध्ये स्वतःचे छोटे प्रोग्रॅम लिहायची सोय) जावं लागतं. तिथे इलेक्ट्रिकल स्टोरेजसाठी पॉवर ड्रॉ रेट आणि पॉवर चार्ज रेट असे दोन ॲक्च्युएटर (प्रोग्रॅममधून बदलता येणारे आकडे) आहेत. वेळ पाहा, चार्ज पाहा, आकडा ठरवा. चार ओळींचा प्रोग्रॅम आहे, पण शेड्यूलची मांडणी आधी बरोबर चालल्याशिवाय तिकडे जाऊ नका. दोन्ही चुका एकदम शोधायला लागलात तर रात्र जाते.

ज्यूल

वेगळं शीर्षक द्यावं एवढं यात लोक अडकतात. स्टोरेज:सिंपलमध्ये क्षमता ज्यूलमध्ये लिहायची असते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. ३० युनिट म्हणजे दहा कोटी ऐंशी लाख ज्यूल. एका मुलाने ३०००० लिहिलं होतं, वॉट-तास समजून. ते झाले आठ वॉट-तास आणि थोडे, मोबाइलच्या बॅटरीच्या निम्म्यालाही कमी. रन सुरळीत झाला. गाडी पहिल्या टाइमस्टेपमध्ये भरायची, पुढच्यात संपायची.

सुरुवातीचा चार्जही ज्यूलमध्येच आहे. तिथे ०.८ लिहिलं की बॅटरीत एक ज्यूलसुद्धा नाही. ८० टक्के हवे असतील तर आठ कोटी चौसष्ट लाख. पण त्याच माणसाला डिस्ट्रिब्युशन ऑब्जेक्टमधली कमाल-किमान मर्यादा अपूर्णांकात लिहायची आहे. एकाच बॅटरीचे दोन ऑब्जेक्ट, दोन तऱ्हा.

आणि एक्सेलमधून आकडा उचलताना स्वल्पविराम काढा. आयडीएफ फाइलमध्ये (एनर्जीप्लसची इनपुट फाइल) स्वल्पविराम म्हणजे फील्डचा शेवट. "१०,८०,००,०००" असं चिकटवलंत तर क्षमता १० ज्यूल होते, ८० वॉट डिस्चार्जच्या फील्डमध्ये जातात, आणि पुढची सगळी ओळ रुळावरून घसरते. आपली कोटी-लाखांची सवय इथे नडते.

तिसरा चेहरा: फरकच दिसत नाही

यात बहुतेक वेळा मॉडेल ठीक असतं, मीटर चुकीचा पाहिलेला असतो. इलेक्ट्रिसिटी:फॅसिलिटी हा मीटर घरातली आणि बाहेरची उपकरणं मोजतो. बॅटरी भरायला लागलेली वीज त्यात येत नाही, ती निर्मितीच्या बाजूने वजा होते. बिलाशी तुलना करायची तर इलेक्ट्रिसिटीपर्चेस्ड:फॅसिलिटी आणि इलेक्ट्रिसिटीसरप्लससोल्ड:फॅसिलिटी हे दोन्ही मागवा, तासागणिक. नेट मीटरिंग असेल तर दोन्हींची वजाबाकी. काकांना पाठवलेल्या कागदात मी यातला एकच घेतला होता.

बारीकसारीक आणखी: कन्व्हर्टर (एसी-डीसी बदलणारं) ऑब्जेक्ट लावलं असेल तर चार्जरचा तोटा तिथे लिहा किंवा बॅटरीच्या चार्जिंग कार्यक्षमतेत लिहा, दोन्हीकडे नको. झोनचं फील्ड (बॅटरीची उष्णता कुठल्या खोलीत जाते ते) रिकामं ठेवा. मी एका फाइलमध्ये बॅटरीचा झोन "हॉल" पाहिला आहे, गाडीची उष्णता सोफ्यावर. घरात इन्व्हर्टरची वेगळी बॅटरी असेल तर तिला आणि गाडीला एकाच डिस्ट्रिब्युशनमध्ये बसवता येत नाही, कारण एका डिस्ट्रिब्युशनला एकच स्टोरेज. सेलपर्यंत जाणारं लिथियम-आयनचं ऑब्जेक्ट पण आहे, बॅटरी म्हातारी कशी होते ते पाहायचं असेल तर उपयोगी. वीजबिलाच्या प्रश्नासाठी ते म्हणजे मच्छर मारायला तोफ.

पाठवण्याआधी

मी आता एक हिशोब केल्याशिवाय फाइल बाहेर सोडत नाही. एका वर्षात सॉकेटमधून गेलेले युनिट गुणिले ०.८८. त्यातून रस्त्यावरचे युनिट वजा, घराला दिलेले भागिले ०.९३ वजा, वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या चार्जमधला फरक जमेस. उत्तर शून्याजवळ आलं पाहिजे. पाच-दहा युनिट इकडेतिकडे चालतील. शंभरचा फरक आला तर वर परत जा.

काकांच्या गाडीला आम्ही नंतर वेगळा सबमीटर बसवला. पहिल्या महिन्यात माझ्या १५० समोर १७२ आले. मी पुन्हा फाइल उघडून बसलो, तेवढ्यात काकूंनी सांगितलं की मधल्या एका रविवारी सगळे लोणावळ्याला जाऊन आले. १३० किलोमीटर, २२ युनिट. रविवारचं शेड्यूल मी अजून शून्यच ठेवलं आहे.